कॅमेरा वर, तिवई खाली. जोखीम मात्र प्रवाशाची

मुळशी : पावसाळा स्थिरावला की ताम्हिणी घाटाच्या रस्त्यावर वळणावळणाला एखादी तिवई उभी दिसू लागते. कड्यांवरून कोसळणारे पाणी छायाचित्रात रेशमासारखे उतरावे, यासाठी कॅमेऱ्याचे शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवावे लागते. ढगांनी झाकोळलेल्या उजेडात तर त्याहूनही अधिक. एवढा वेळ कोणाचाही हात स्थिर राहत नाही. म्हणूनच मुळशीत येणाऱ्या छायाचित्रकाराला ट्रायपॉड ही चैन वाटत नाही. ती त्याच्या कामाची पहिली गरज असते. मात्र हाच छायाचित्रकार दिल्ली, कोलकाता किंवा बेंगळुरूहून विमानाने पुण्यात येणार असेल, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न पावसाचा नसतो. ही तिवई विमानात न्यायची कशी, हा असतो.

वरकरणी हा हौशी मंडळींचा किरकोळ प्रश्न वाटेल. मुळशी तालुक्याकडे पाहिले तर त्याचा आवाका ध्यानात येतो. याच तालुक्यात हिंजवडी आहे आणि तेथील संगणक अभियंत्यांपैकी अनेकांच्या परदेशवारीच्या सामानात एक चांगला कॅमेरा असतो. लवळ्यात सिंबायोसिसची माध्यमशिक्षण देणारी संस्था आणि फ्लेम विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थी चित्रीकरणाची सामग्री घेऊन देशभर फिरतात. मुळशी जलाशयाच्या काठावरील रिसॉर्टमध्ये होणाऱ्या लग्नांसाठी बाहेरगावाहून छायाचित्रकार येतात आणि इथले छायाचित्रकार गोवा-उदयपूरच्या लग्नांना जातात. या साऱ्यांचा रस्ता लोहगाव विमानतळावरून जातो. त्यांच्यातील बहुतेकांची उपजीविका किंवा शिक्षण त्या एका पिशवीत बांधलेले असते.

या पिशवीबाबतचे नियम गेल्या पंचवीस वर्षांत एकेक करून आले. प्रत्येकामागे सबळ कारण होते. मात्र सारे नियम एकत्र ठेवून पाहिले की एक विचित्र चित्र उभे राहते. बॅटरी केबिनमध्येच हवी, तिवई बहुधा खाली सामानकक्षात हवी आणि कॅमेरा खाली गेला तर त्याची भरपाई जवळजवळ शून्य. एकाच कामाच्या तीन वस्तूंची अशी तीन दिशांना पांगापांग झाली असून, तिची किंमत नियम करणाऱ्यांपैकी कोणालाच मोजावी लागत नाही.

एक पिशवी, सात किलो

हातसामानासंबंधीच्या आजच्या भारतीय नियमांची मुळे २००० सालात आहेत. २४ डिसेंबर १९९९ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ या विमानाचे काठमांडूहून दिल्लीला येताना अपहरण झाले आणि देशातील विमानतळांची सुरक्षा मुळापासून तपासली गेली. २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने, म्हणजे ‘बीसीएएस’ने, परिपत्रके काढून प्रवाशाला एकच हातपिशवी नेता येईल असे ठरविले. २०२२ च्या जानेवारीत या नियमाची पुन्हा आठवण करून देण्यात आली.

या परिपत्रकात काही अपवाद आहेत. स्त्रियांची पर्स, ओव्हरकोट, वाचनाचे साहित्य, छत्री किंवा काठी, लॅपटॉप आणि त्यांच्याच जोडीला एक कॅमेरा किंवा दुर्बीण. हा अपवाद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला पर्यटक असावा. दोन कॅमेरे, चार भिंगे, फ्लॅश आणि तिवई घेऊन कामाला निघालेला माणूस त्या यादीत बसत नाही.

सात किलोंची मर्यादा ही सुरक्षेची नव्हे, विमान कंपन्यांची अट आहे. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या ती लावतात. तिचा हिशेब मांडून पाहावा. व्यावसायिक कॅमेऱ्याचा एक देह सुमारे ७०० ग्रॅम. लग्नाच्या कामाला असे दोन लागतात. मधल्या पल्ल्याचे भिंग ८०० ते ९०० ग्रॅम, लांब पल्ल्याचे एक ते दीड किलो, रुंद कोनाचे अर्ध्या किलोहून अधिक. फ्लॅश, चार्जर आणि बॅटऱ्या मिळून आणखी एक किलो. भिंगांना धक्का लागू नये म्हणून अस्तर लावलेली पिशवी रिकामीच दीड-दोन किलोंची. म्हणजे लॅपटॉप ठेवण्याआधीच काटा सातच्या आसपास येतो. त्यावर तिवई ठेवली, तर कार्बन फायबरची असली तरी दीड किलो आणि ॲल्युमिनियमची असेल तर दोन किलोंहून अधिक भर पडते. जाकिटाच्या खिशात भिंगे कोंबून काट्यापुढे उभे राहणारे छायाचित्रकार दिसतात ते यामुळेच.

बॅटरीचे उलटे फिरलेले चक्र

बॅटरीच्या बाबतीत तर नियमांचे चक्र पूर्ण उलटे फिरले आहे. एके काळी, विशेषतः जम्मू-काश्मीरमधील विमानतळांवर, हातसामानातले सुटे सेल काढून घेतले जात. त्यांच्या साह्याने स्फोटकाला चालना देता येईल, ही भीती त्यामागे होती. आज लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवण्यास बंदी आहे. त्या हातसामानातच न्याव्या लागतात.

या बदलामागे रसायनशास्त्र आहे. लिथियम-आयन बॅटरीतील एक घट बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि ही साखळी आपणहून पुढे सरकत राहते. सामानकक्षातील अग्निशामक वायू ज्वाळा दाबू शकतो. आतली ही साखळी तोडण्याची खात्री त्याला देता येत नाही. केबिनमध्ये मात्र धूर दिसताच कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेले ‘यूपीएस’ कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ आगीनंतर कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांची स्वतंत्र मालवाहतूक आंतरराष्ट्रीय पातळीवर थांबविण्यात आली. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणापूर्वीच एअर बुसानच्या विमानाला आग लागली. प्रवासी आणि कर्मचारी सारे बाहेर पडले, पण विमान जळाले. संशयाची सुई पॉवर बँककडे वळली आणि अनेक कंपन्यांनी नियम कडक केले. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने या नियमाचे गणित सोपे आहे. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये नेण्यास विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-अवरच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या कंपनीच्या परवानगीने नेता येतात. त्याहून मोठ्या बॅटरीला प्रवासी सामानात जागा नाही. बॅटरीवरील व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॅट-अवर मिळतात. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी १५ वॅट-अवरच्या आसपास भरते. २० हजार मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४ वॅट-अवर. चित्रीकरणाच्या अनेक मोठ्या बॅटऱ्या ९५ ते ९८ वॅट-अवरच्याच का असतात, याचे उत्तरही या शंभराच्या मर्यादेत आहे. बॅटरीची टोके चिकटपट्टीने झाकावीत किंवा ती स्वतंत्र डबीत ठेवावी, एवढी काळजी पुरेशी ठरते.

खरी अडचण विमानाच्या दारात येते. वरचे कप्पे भरले की कर्मचारी ऐन वेळी हातपिशवी घेऊन खाली सामानकक्षात पाठवतात. त्या क्षणी पिशवीतील सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक बाहेर काढणे अत्यावश्यक असते. घाईत हे राहून गेले तर सुरक्षेसाठी केलेला नियमच धोक्याचा मार्ग मोकळा करतो.

तिवईचा निवाडा

बॅटरीचा नियम कडक असला तरी त्यात आकडा आहे. तिवईचे तसे नाही. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी यांसारख्या प्रहार करता येणाऱ्या वस्तूंना केबिनमध्ये मज्जाव आहे; हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर यांनाही आहे. तिवई या कुळात मोडते का? ती धातूची असते, लांब असते, काहींच्या पायांना खडकात रुतणारे टोकदार खिळे असतात आणि पेच आवळण्याची छोटी किल्लीही सोबत असते. त्याच वेळी ती एक निरुपद्रवी उपकरणही आहे. घडी केल्यावर वीतभर उरणारी टेबलावरची तिवई आणि ७० सेंटिमीटरचा चित्रीकरणाचा स्टँड यांना एकच नाव असले तरी त्या एक वस्तू नव्हेत. किती लांबीची, किती वजनाची तिवई केबिनमध्ये चालेल, याचे स्पष्ट माप प्रवाशासमोर ठेवलेले नाही. निर्णय तपासणी करणाऱ्या जवानाच्या विवेकावर राहतो. परिणामी, तीच तिवई जाताना एका विमानतळावर सुटते आणि येताना दुसऱ्या विमानतळावर अडते, हा छायाचित्रकारांचा नित्याचा अनुभव आहे.

जवानाची बाजूही समजून घ्यायला हवी. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर एका पिशवीसाठी त्याला काही सेकंदच मिळतात. भिंगे, तारा आणि बॅटऱ्यांचा दाट गठ्ठा हे त्या पडद्यावरचे सर्वांत अवघड चित्र असते. शंकास्पद वस्तू सोडली आणि पुढे काही घडले तर जबाबदारी त्याची. थांबवली तर त्याला कोणी जाब विचारत नाही. अशा परिस्थितीत ‘नाही’ म्हणणे हेच सर्वांत सुरक्षित उत्तर ठरते. यात व्यक्तीचा दोष शोधण्यात अर्थ नाही; माप न देता निर्णय मागणाऱ्या व्यवस्थेचा तो परिणाम आहे.

या नकाराची वेळ मात्र प्रवाशासाठी घातक असते. विमानतळावर आधी चेक-इनचा काउंटर आणि नंतर सुरक्षा तपासणी, असा क्रम असतो. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. तपासणीत तिवई अडली तोपर्यंत मोठी बॅग पट्ट्यावरून निघून गेलेली असते. मागे फिरून काउंटर गाठता आला तर वेगळे शुल्क. तो बंद झाला असेल तर तिवई सोडायची की विमान सोडायचे, एवढाच पर्याय उरतो. २०२१ च्या फेब्रुवारीत केवळ हातसामान नेणाऱ्यांना स्वस्त तिकीट देण्याची मुभा विमान कंपन्यांना मिळाली. असे तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला तर चेक-इन सामानाचा हक्कच नसतो.

परदेशांतील अनुभव येथे उपयोगी आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने ट्रायपॉडचे नाव घेऊन तो हातसामान आणि चेक-इन सामान, दोन्हींत चालेल असे जाहीर केले आहे. अंतिम निर्णय तेथेही तपासणी अधिकाऱ्याचाच. मात्र त्याची सुरुवात ‘हो’पासून होते. तेथे हत्यारांबाबतही सात इंचांचे माप आहे : त्याहून लांब पाना केबिनमध्ये चालत नाही. माप छापले की वाद पट्टीवर मिटतो. सरसकट बंदीचा मार्गही जगाने पाहिला आहे. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये विमाने उडविण्याचा कट उघडकीस आल्यावर तेथे काही दिवस हातसामानच बंद झाले आणि कॅमेरे सामानकक्षात गेले. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा यांसह दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत लॅपटॉप आणि कॅमेरे केबिनमध्ये आणण्यास बंदी घातली. आखातामार्गे अमेरिकेला जाणाऱ्या भारतीयांना तिची झळ बसली. स्फोटकांच्या भीतीने उपकरणे खाली पाठवायची आणि आगीच्या भीतीने बॅटऱ्या वर ठेवायच्या, या दोन भूमिकांतला विरोध तेव्हा उघड झाला. ती बंदी काही महिन्यांत उठली.

वीस हजारांची मर्यादा

‘मग सगळेच चेक-इन करावे’ हा सल्ला सोपा वाटतो. त्याची अडचण कायद्यात आहे. देशांतर्गत प्रवासात सामान हरवले, खराब झाले किंवा उशिरा पोचले तर विमान कंपनीचे दायित्व प्रवाशामागे २० हजार रुपयांपर्यंत मर्यादित आहे. व्यावसायिक कॅमेरा आणि एक चांगले भिंग यांची किंमत सहज दोन-तीन लाखांवर जाते. शिवाय नाजूक आणि मौल्यवान वस्तू चेक-इन सामानात ठेवू नयेत, ठेवल्यास जबाबदारी आमची नाही, असे कलम कंपन्यांच्या वाहतूक अटींत असतेच. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराचा आधार आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून त्याची मर्यादा १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून ही रक्कम दीड लाख रुपयांहून अधिक भरते. म्हणजे पुण्याहून दुबईला जाणाऱ्या कॅमेऱ्याला जेवढे संरक्षण आहे, त्याचा लहानसा अंशच पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या कॅमेऱ्याच्या वाट्याला येतो.

या करारात फारसे वापरात नसलेले एक कलमही आहे. सामान देताना त्याचे विशेष मूल्य लेखी जाहीर करून आणि त्यासाठी कंपनी मागेल ते जादा शुल्क भरून प्रवासी भरपाईची मर्यादा वाढवून घेऊ शकतो. सामानाचे नुकसान झाल्यास ते हाती आल्यापासून सात दिवसांत, विलंब झाल्यास २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. ही मुदत चुकली की दावा टिकत नाही. लग्नाच्या छायाचित्रकाराचे खरे नुकसान तर यापलीकडचे आहे. मुहूर्त टळून गेल्यावर हाती आलेला कॅमेरा कितीही सुखरूप असला तरी त्याचा उपयोग नसतो.

लोहगावची वेगळी अट

पुणेकर छायाचित्रकाराला आणखी एक मर्यादा पाळावी लागते. १४ जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल वापरात आले असले, तरी लोहगावची धावपट्टी हवाई दलाच्या तळावर आहे. १९३७ च्या विमान नियमावलीतील १३ व्या नियमापासून विमानतळावरील आणि विमानातील छायाचित्रणावर बंधने चालत आली आहेत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये चंडीगड-मुंबई विमानात वार्ताहरांच्या कॅमेऱ्यांमुळे गोंधळ उडाल्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खुलासा केला होता. त्यानुसार प्रवाशाला विमानात छायाचित्रे घेता येतात. मात्र संरक्षण दलाच्या विमानतळावर ती घेता येत नाहीत. म्हणूनच गोव्याला जाणाऱ्यांनी नौदलाचे दाभोळी आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेले नागरी मोपा यांतला फरक ओळखून असावे. पुण्याहून निघताना वा उतरताना खिडकीतून डोंगररांगा कितीही मोहक दिसल्या तरी कॅमेरा पिशवीतच राहायला हवा.

काय करता येईल?

नियम बदलेपर्यंत प्रवाशाला आपली व्यवस्था आपणच करावी लागेल. तिवई कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात द्यावी. तिचे डोके काढून स्वतंत्र बांधावे. खिळे आणि किल्ल्या सोबतच खाली पाठवाव्यात. कॅमेरा, भिंगे, सुट्या बॅटऱ्या आणि मेमरी कार्डे हातसामानात ठेवावीत. केवळ हातसामानाचे तिकीट असेल तर घडी केल्यावर वीतभर राहणारी छोटी तिवई न्यावी, किंवा ती पुण्यातच भाड्याने घ्यावी. मुळशीत पावसाळ्यात वारा एवढा असतो की हलकी तिवई तशीही डुलते. तिच्या मध्यदांड्याला पाण्याची बाटली किंवा वाळूची पिशवी लटकवली तर ती स्थिरावते. सामग्रीचा विमा उतरवताना ‘प्रवासातील नुकसान’ हे कलम त्यात आहे ना, हे वाचून घ्यावे. परदेशी जाताना महागड्या सामग्रीचे निर्यात प्रमाणपत्र सीमाशुल्क विभागाकडून घेतले तर परतताना शुल्काचा वाद टळतो.

एवढ्यावर प्रश्न संपत नाही. शहाणपणाचे सगळे ओझे प्रवाशाच्याच खांद्यावर टाकणे न्याय्य नव्हे. यावर तीन गोष्टी सहज करता येतील. एक, ‘बीसीएएस’ने तिवईचे नाव घेऊन, घडी केलेल्या लांबीचे आणि वजनाचे माप ठरवून ते तिकिटावर आणि विमानतळाच्या प्रवेशद्वारावर छापावे. दोन, तपासणीत अडलेली कायदेशीर वस्तू तेथूनच सामानकक्षात पाठविण्याची सोय, शुल्क घेऊन का होईना, उपलब्ध करून द्यावी. वस्तू टाकून देण्याची वेळ कोणावर येऊ नये. तीन, देशांतर्गत प्रवासातील २० हजारांची मर्यादा आजच्या किमतींच्या संदर्भात तपासावी आणि विशेष मूल्य जाहीर करण्याची सोय काउंटरवर ठळकपणे दाखवावी. वाद्यांच्या बाबतीत अमेरिकेने २०१२ च्या कायद्यानेच केबिनमध्ये जागा राखली. कलावंताचे साधन आणि सामान्य सामान यांत फरक करता येतो, याचा तो दाखला आहे.

यातील एकाही सूचनेने सुरक्षा सैल होणार नाही. उलट माप ठरले की जवानाला वाद घालण्यात वेळ दवडावा लागणार नाही आणि त्याचे लक्ष खऱ्या धोक्याकडे राहील. बॅटरीच्या नियमाने हे सिद्ध केले आहे. तो कडक असूनही त्यावर तंटे होत नाहीत, कारण शंभर म्हणजे शंभर. तिवईलाही असाच एक आकडा मिळाला, तर ताम्हिणीच्या पावसात उभे राहण्यासाठी निघालेल्या माणसाला घरून निघतानाच कळेल की काय न्यायचे आणि काय ठेवायचे.